तोंड मिरकरवाड्याकडे

सिस्टर फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. फोन उचलला की पलीकडून एकच शब्द यायचा.

"थंडी?"

"नाही, सिस्टर."

"नळीपाशी लाल?"

"नाही."

"बायकोला दे."

मग तेच प्रश्न बायकोला. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण आपली मान आपल्याला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. बायकोने मोबाईलची बॅटरी लावून माझ्या मानेवरची पट्टी बघायची, कडेने कुठे सूज, लाली, ओल आहे का ते सांगायचं. सगळं ठीक असलं की "बरं" म्हणून फोन बंद. जेवलास का, आई कशी आहे, यातलं काही नाही. बायको म्हणायची, "ही बाई मानसाशी नाय, नळीशी बोलते."

आता त्या निवृत्त होऊन मंडणगडला भावाकडे राहतात. फोन येत नाहीत, तरी दिवेलागणीच्या सुमारास माझा हात अजून उगाच मानेकडे जातो.

मी मुंबईत अंधेरीला एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. आपल्याला ब्लडप्रेशर आहे हे मला कळलं तेव्हा दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. भाड्याच्या खोलीत असलं आजारपण काढणं जमण्यासारखं नव्हतं. देवरूखजवळ आमचं गाव. तिथे परत आलो आणि आठवड्यातून दोनदा एस.टी.ने रत्नागिरीला एका खासगी हॉस्पिटलात डायलिसिसला जाऊ लागलो. डायलिसिस म्हणजे अंगातलं रक्त बाहेर काढून मशीनमधून धुऊन परत आत सोडायचं. त्यासाठी डाव्या हाताचं छोटं ऑपरेशन करून शीर जाड करतात, पण ती शीर तयार व्हायला वेळ लागतो. तोवर मानेत नळी. उजव्या बाजूने आत गेलेली, आणि गळ्याच्या हाडाखाली तिची दोन टोपणं लावलेली तोंडं बाहेर लोंबणारी.

पहिल्याच दिवशी सिस्टरनी ती तोंडं मला आरशात दाखवली.

"ही कुठपर्यंत गेलीय माहीत आहे?"

"मानेत."

"काळजापर्यंत. तुझ्या काळजाला बाहेरून दार पाडलंय असं समज. दाराला कडी आहे, पण दार आहे. आंघोळ मानेखालून. डोकं वेगळं धुवायचं, तेही बायकोने, पाठीमागे वाकवून. नदीत उतरायचं नाही. त्या नळीला मी आणि इथली माणसं सोडून कोणी हात लावायचा नाही. तूही नाही."

हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मला वाटलं रागावल्यात. नंतर कळलं की त्या घाबरल्या होत्या. रोज घाबरायच्या, प्रत्येक पेशंटला घाबरायच्या.

तशा त्या सगळ्यालाच घाबरत. पालीला, लिफ्टला, आंबा घाटातल्या वळणांना. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हडकुळी बाई, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. मोबाईल स्टीलच्या डब्यात घालून डायलिसिसच्या खोलीबाहेर ठेवायच्या. एकदा हात धुतले की दोन्ही हात छातीपुढे वर धरून चालायच्या, आणि वाटेत कुणाचा धक्का लागला, स्वतःचीच बाही लागली, तरी परत बेसिनकडे. त्यांच्या कपाळाला नेमकी हात धुतल्यावरच खाज सुटायची. मग खोलीतल्या टेक्निशियन मुलीपुढे मान वाकवून म्हणायच्या, "खाजव गो जरा. वर. आणखी वर. हां." आम्ही पेशंट खुर्च्यांवर पडल्या पडल्या हसायचो. त्या हसत नसत.

नळी मशीनला जोडायची वेळ आली की खोलीत कुणी बोलायचं नाही. पंखा बंद. पेशंटच्या तोंडाला मास्क, त्यांच्या तोंडाला मास्क, आणि वर पेशंटने मान पलीकडे फिरवायची, श्वास नळीवर पडता कामा नये. माझ्या खुर्चीवरून पलीकडे म्हणजे खिडकी, आणि खिडकीतून माडांच्या शेंड्यांवरून मिरकरवाड्याच्या बंदराची एक चिंचोळी पट्टी दिसायची. ट्रॉलरच्या काठ्या, त्यावरची निशाणं. सिस्टर म्हणायच्या, "तोंड मिरकरवाड्याकडे!" आणि मी मुकाट बोटी बघत राहायचो. मागे स्पिरिटचा वास यायचा, टोपणं घासल्याचा बारीक आवाज यायचा. घासून झालं तरी त्या लगेच जोडत नसत, वाळू देत. तेवढा वेळ खोलीत नुसती मशीनची घरघर.

एकदा नर्सिंग कॉलेजातली एक मुलगी आली. नळीमुळे होणाऱ्या इन्फेक्शनबद्दल नर्सना काय काय माहीत आहे, असं काहीतरी तिला विचारायचं होतं. टेक्निशियन मुलीने पटापट उत्तरं दिली, दुसऱ्या सिस्टरनीही दिली. आमच्या सिस्टर मात्र प्रत्येक प्रश्नाला अडखळल्या.

"नळीला हात लावण्याआधी हात धुता का?"

"धुते."

"नेहमी?"

त्यांनी तिच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "लिही, धुते. पुस्तकात तेच असेल ना? सगळ्यांना येतं ते उत्तर. पण तीन मशीनच्या घंटा एकदम वाजतात तेव्हा येऊन विचार मला."

मुलगी गोंधळली. "म्हणजे नेहमी नाही, असं लिहू?"

"मला आठवेल तेवढंच मी सांगणार ना, बाय. न आठवलेल्याचं काय करू?"

मुलीने शेवटी काय लिहिलं कोण जाणे.

त्या वर्षी शिमगा तोंडावर आला. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. ज्याच्या अंगणात येते त्या घरचा थोरला पालखीला खांदा देतो, नाचवतो. वडील गेल्यापासून तो मान माझा. मुंबईत असतानाही मी एकही शिमगा चुकवला नव्हता. आई महिनाभर आधीपासून म्हणत होती, "दारात पालखी येनार नि थोरल्याचा खांदा नाय? मग तुजा आजार जायाचा कसा?"

मी हे सिस्टरना सांगितलं, ते परवानगी मिळेल म्हणून. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"खांदा? उजवा?"

"डावा देतो."

"डाव्या हाताचं ऑपरेशन झालंय. दाब बसला तर शीर बंद पडेल. आणि उजवीकडे नळी. तुला खांदाच नाही सध्या. गर्दी, घाम, धूळ, गुलाल... नाही. नाही हां."

मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, मलाच ठरवता येत नव्हतं. त्यांनाही ते दिसलं असणार.

पालखीच्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात छत्री मिटत सिस्टर उभ्या. हातात कापडी पिशवी, त्यात पट्ट्या, हातमोजे, स्पिरिटची बाटली. सुट्टी टाकून, घाबरत घाबरत एस.टी.ने आल्या होत्या. आई बघतच राहिली. बायकोने पाणी दिलं, तर म्हणाल्या, "पाणी नंतर. साबण कुठे आहे?"

पडवीत खुर्ची टाकून त्या माझ्या शेजारी बसल्या आणि ढोलांचा आवाज जवळ येईपर्यंत माझ्या मानेवरून नजर काढली नाही. पालखी अंगणात आली तशी गावातली माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाय, तुमी नाय पाया पडनार?"

"तुमचं तुम्ही करा काका. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी हे सगळं कधीच सोडलं. माझं काम फक्त ह्याच्या मानेशी आहे."

म्हातारा मान डोलवून बाजूला झाला. आई मात्र रडवेली झाली होती. "बाय, एकदाच. नुसता टेकवू दे खांदा. एवढ्यानं काय व्हनार?"

सिस्टर उठल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्या आईजवळ गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आई, काही होणारही नाही कदाचित. पण झालं तर मला थांबवता येणार नाही. मी असं एकदा बघितलंय." मग मानकऱ्यांकडे वळून विचारलं, "उजव्या हाताने नुसता स्पर्श केला तर चालेल का तुमच्या देवाला?"

मानकरी एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, "चालंल. देव काय मानसाचा खांदा मोजीत बसत नाय."

मी पडवीच्या पायरीवर उभा राहिलो. लोकांनी पालखी जवळ आणली, मी उजव्या हाताचा तळवा दांड्याला लावला. पालखी नाचवली धाकट्या भावाने. गुलाल उधळला तेव्हा सिस्टरनी छत्री उघडून माझ्या मानेवर धरली. पोरं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीशीचा माणूस, स्वतःच्या दारात, बाईच्या छत्रीखाली.

दुपारी पुरणपोळी खाऊन त्या निघाल्या. त्यांना स्टॉपवर सोडायला मी बरोबर गेलो. वाटेत मी रागातच विचारलं, "काय बघितलंय तुम्ही एकदा?"

बस यायला वेळ होता. त्या बोलल्या. पूर्वी एक शाळामास्तर डायलिसिसला यायचे, त्यांच्याही मानेत नळी. एके दिवशी मशीन सुरू झाल्यावर ते म्हणाले, सिस्टर, थंडी वाजतेय. "एसी होता ना. मी त्यांना चादर दिली. परत म्हणाले, थंडी. मी दुसरी चादर दिली, एसी बंद केला. पाय चोळले. मला वाटलं मी फार काळजी घेतेय." त्यांनी बस येतेय का बघितलं. "नळीतून जंतू रक्तात गेले की अशी थंडी भरते, हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही असेन. पण त्या वेळी मी चादर शोधत होते."

मास्तर वाचले नाहीत. बस आली, सिस्टर चढल्या आणि पुढचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या.

शिमगा संपून काही दिवस झाले असतील. मशीन सुरू होऊन अर्धा तास होत आला होता आणि मला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, खुर्ची हलायला लागली. मी ‘सिस्टर’ म्हणायच्या आत त्या माझ्यापाशी होत्या. चादर त्यांनी आणली नाही. मशीन थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं, नळीतलं आणि हातातलं रक्त तपासायला काढलं, सलाईनमधून औषध सुरू केलं. सगळं भराभर, आणि हात कुठेच चुकत नव्हते.

संध्याकाळपर्यंत ताप डोक्यात चढला. मानेतली नळी काढली, तात्पुरती दुसरी जांघेत घातली. बायको, आई, भाऊ सगळे आले. डॉक्टरांनी विचारलं, "शिमग्याला खांदा दिलास ना?"

"नाही."

"खरं सांग. तुमच्याकडची माणसं ऐकत नाहीत."

"नाही दिला हो." माझ्या अंगात बोलायची ताकद नव्हती. आई दाराशी पुटपुटत होती, "खांदा नाय दिला म्हनूनच झालं ह्ये."

म्हणजे एकाच पालखीपायी मी दोन्हीकडून गुन्हेगार. बाकीचे पेशंटही म्हणायला लागले, ह्याने नाचवली असणार पालखी. खोलीतल्या प्रत्येकाला तेच सोयीचं होतं, कारण तसं असेल तर त्यांच्या नळ्या सुरक्षित होत्या.

तेव्हा सिस्टर डॉक्टरांपुढे येऊन उभ्या राहिल्या. माझी बायको तिथेच होती.

"खांदा दिला नाही. मी स्वतः तिथे होते. सर, मागच्या वेळी ह्याला मी जोडलं. टोपण काढलं, तेवढ्यात पलीकडच्या आजोबांचं प्रेशर पडलं. घंटा वाजली. मी नळीवर गॉज ठेवून धावले, त्यांना आडवं केलं, परत आले आणि जोडलं. मधे हातमोजे बदलले की नाही, मला आठवत नाही."

"बदलले असतील. तुम्ही तर..."

"रोज बदलते. म्हणून वाटतं की बदलले असतील. पण आठवत नाही, सर."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "तू बघितलंस का?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मला दोन निशाणं आठवली, एक हिरवं, एक भगवं. बर्फ चढवत असलेला एक ट्रॉलर आठवला. सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे माझं तोंड मिरकरवाड्याकडे होतं. सबंध जगात हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याची मान पलीकडे फिरवलेली होती.

"नाही बघितलं," मी म्हणालो.

बायको सिस्टरकडे टक लावून बघत होती. इतक्या महिन्यांचे ते फोन, ती बॅटरी, त्या पट्ट्या, सगळं तिच्या डोळ्यांत एकदम उलटं झालं. ती फक्त एवढंच म्हणाली, "आमच्यावर रोज विश्वास नाय ठेवलात. नि तुमी..."

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. छताकडे बघत मी हिशेब करायचो, मुलगी दहावीला आहे, भाऊ एकटा शेती बघेल का. डोळे उघडले की कधी दाराच्या काचेमागे सिस्टर दिसायच्या. आत येत नसत. त्यांच्या ओठांवरून कळायचं, "थंडी?" बायको एकदा उठून बाहेर गेली आणि म्हणाली, "तुमी येत जाऊ नका." त्यानंतर त्या दिसल्या नाहीत. त्यांना डायलिसिसमधून काढून खालच्या इंजेक्शनच्या खोलीत पाठवलं होतं. असलं पेशंटच्या नातेवाइकांसमोर बोलायचं नसतं, असं व्यवस्थापकांनी त्यांना सुनावल्याचं नंतर कानावर आलं.

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, हा जंतू कातडीवर राहतो. कुणाच्या? कुणाच्याही. तुझ्या, माझ्या, तुझ्या बायकोच्या. तो कुणाच्या हातावरून आत शिरला हे कुठल्याच मशीनला सांगता येत नाही. मी हे बायकोला समजावून सांगितलं. ती ऐकत माझी उशी सारखी करत राहिली.

ताप गेला. रक्त स्वच्छ आल्यावर मानेत नवी नळी बसली आणि मी पुन्हा त्या खुर्चीवर आलो. सिस्टरच्या जागी एक तरुण मुलगी होती. गोड बोलायची, झटपट काम करायची, पंखा वगैरे बंद करायच्या भानगडीत पडायची नाही. पेशंट खूश होते. बायको मात्र आता बाहेर बाकावर बसत नसे, दाराच्या काचेला नाक लावून उभी राहायची. तिसऱ्या का चौथ्या खेपेला त्या मुलीने हातमोजे घातले, माझं टोपण धरलं आणि घसरलेला चष्मा त्याच हाताने वर केला.

काचेवर धाडकन थाप पडली. बायको दार ढकलून आत. "हात! हात बदला आधी!"

मुलगी दचकली. "सॉरी, सॉरी," म्हणत तिने मोजे बदलले. वाईट नव्हती बिचारी. पण जोडून होईपर्यंत मला बायकोचा श्वास ऐकू येत होता.

मशीन सुरू झाल्यावर बायको खाली गेली, तिथलं तिने मला नंतर सांगितलं. इंजेक्शनच्या खोलीत सिस्टर एका बाळाला लस देत होत्या. बाळ रडायचं थांबेपर्यंत बायको दाराशी उभी राहिली. मग म्हणाली, "तुमी वर या."

सिस्टर म्हणाल्या, "माझ्या हातात नाही ते. आणि... मला अजून आठवलेलं नाही."

"ती पोरगी चांगली हाय," बायको म्हणाली. "पण तिला भीती वाटत नाय."

मग बायको डॉक्टरांकडे गेली, तिच्याबरोबर आणखी दोन पेशंटची माणसं गेली. थोड्या दिवसांनी सिस्टर वर आल्या. येताना त्यांनी एक गोष्ट मागून घेतली. जो नळीला हात लावून बसलाय त्याने कसलीही घंटा वाजली तरी उठायचं नाही, दुसऱ्याने धावायचं. डॉक्टरांनी मान्य केलं. तरी घंटा वाजली की सिस्टरचे खांदे उचलले जायचे. जागच्या जागी बसून राहणं त्यांना किती जड जातं, ते बघणाऱ्याला कळायचं.

पावसाळा संपता संपता माझ्या डाव्या हाताची शीर तयार झाली. हातात सुया टोचून डायलिसिस नीट होतंय याची खात्री पटल्यावर डॉक्टरांनी नळी काढायचं ठरवलं. टाके कापले, मला श्वास रोखायला सांगितलं, आणि ती नळी सुळकन बाहेर आली. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले. भोकावर गॉज ठेवून सिस्टर अंगठ्याने दाबून उभ्या राहिल्या.

पुरेसा वेळ झाला असावा. टेक्निशियन मुलगी येऊन बघून गेली, म्हणाली, "झालं असेल सिस्टर." सिस्टरनी अंगठा किंचित उचलला, खाली वाकून बघितलं आणि परत टेकवला.

"रक्त येतंय?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"राहू दे जरा."

त्यांचा हात भरून आला होता. कपाळावर घाम होता. बायको कोपऱ्यात उभी राहून बघत होती. ती पुढे आली.

"सिस्टर, तुमी बसा. मी धरते."

सिस्टरनी मान वळवून तिच्या हातांकडे बघितलं.

"धुतलेस?"

"आताच धुतले, आत येताना."

"त्यानंतर दाराला हात लावलास."

मला वाटलं, आता भडका उडणार. बायको क्षणभर स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिली. मग बेसिनकडे गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं. तोवर सिस्टरचा अंगठा जागचा हलला नाही.